दात, दाम आणि जोखीम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे पहिले पुष्प संतवाङ्मयावर गुंफले गेले, दुसरे नाट्यसंगीतावर, आणि तिसरे आता दातांवर गुंफले जाणार असे अध्यक्षांनी सांगताच सभागृहात थोडी खसखस पिकली. हसणाऱ्यांचे दात आम्हांला येथून स्पष्ट दिसले. चाळीस वर्षांच्या व्यवसायाने डोळ्यांना लागलेली ही खोड आता जाणे नाही. तेव्हा कोणास अवघडल्यासारखे झाले असल्यास क्षमा असावी.

दात कसे घासावेत हे सांगण्यासाठी आम्ही आज उभे नाही. ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक असूनही आपण ते नीट करीत नाही, हा भाग निराळा. आमचा विषय जरा आडवाटेचा आहे. दंतवैद्याला पैसे किती द्यावेत याची चर्चा घरोघर होते; पण ते कोणत्या रीतीने द्यावेत, आणि त्या रीतीचा आपल्या तोंडातील रोगाशी काही संबंध पोचतो काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. पैशाची गोष्ट चारचौघांत काढणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही, आणि वैद्यासमोर तर नाहीच. परंतु जी गोष्ट बोलली जात नाही, तीच पुष्कळदा आतून सूत्रे हलवीत असते.

पोटापाण्यासाठी आपण ज्या कोलकात्यात आलो, त्याच शहरात भारतातील पहिले दंतमहाविद्यालय १९२० साली डॉ. आर. अहमद यांनी स्थापन केले. अमेरिकेत दंतवैद्यक शिकून आलेल्या या गृहस्थांनी महाविद्यालयाचा खर्च भागविण्यासाठी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे शीतपेयांचे दुकान चालविले. दात राखण्याची विद्या या देशात अशी गोड सोड्याच्या गल्ल्यावर उभी राहिली! पुढे १९४९ साली हे महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. या गोष्टीतली गंमत बाजूला ठेवली तरी तिच्यातला प्रश्न उरतोच. दात निरोगी राखण्याच्या कामाचा खर्च कोणी आणि कोठून करावयाचा? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न होता, आजही तो सुटलेला नाही.

आधी आमचाच एक अपराध सांगतो. म्हणजे पुढे जे बोलू ते दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यासाठी नव्हे, हे आपल्या ध्यानी येईल.

व्यवसायाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट. बदलीच्या नोकरीतले एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आमच्याकडे घेऊन येऊ लागले. दरवर्षी त्याच्या दोन-तीन दाढा किडलेल्या सापडत. आम्ही त्या कोरून चांदी भरीत असू. काम नेटके होई. वडील पैसे देत, आभार मानीत आणि जात. असे सहा वर्षे चालले. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा खालची एक दाढ वाचण्यापलीकडे गेली होती; ती काढावी लागली. त्या दिवशी त्याची आई सहज बोलून गेली, “रात्री अभ्यासाला बसला की ह्याच्याजवळ पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा लागतोच, डॉक्टर. तोंडात गोळी असल्याशिवाय गणित सुटत नाही म्हणतो.”

सहा वर्षांत आम्ही हा एक प्रश्न विचारला नव्हता. तो आम्हांला सुचला नसता असे नाही. महाविद्यालयात तो पहिल्याच वर्षी शिकविला होता. परंतु चांदी भरण्याचे पैसे मिळत होते, प्रश्न विचारण्याचे मिळत नव्हते. आणि बाहेर बाकावर चार माणसे दात धरून बसलेली असत. आम्ही लबाडी केली नाही. जे काम केले ते जरुरीचे होते, आणि चांगले केले. तरीही त्या मुलाची दाढ गेली ती आमच्या डोळ्यांदेखत, आणि तिच्या प्रत्येक टप्प्याला आम्हांला मोबदला मिळाला. ही टोचणी आजही आहे. आजचे भाषण म्हणजे त्या टोचणीचा हिशेब, असे समजा.

आता जोखीम म्हणजे काय ते पाहू. तोंडात साखर गेली की दातांवर साचलेल्या थरातील जंतू तिचे आम्ल बनवितात. त्या थराचा पीएच साधारणपणे ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण कवचातील खनिज विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निवविते आणि गेलेले खनिज थोडे थोडे परत बसविते. फ्लोराइड त्या कामी मदत करते. पण आम्ल निवावयास अर्धा ते एक तास लागतो. म्हणून जेवणाबरोबर एका बैठकीत खाल्लेल्या चार रसगुल्ल्यांपेक्षा दिवसभर चघळलेल्या चार गोळ्या अधिक घातक ठरतात. किती गोड खाल्ले याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्व, किती वेळा खाल्ले याला आहे.

हे ज्ञान जगाला फार मोठ्या किमतीने मिळाले. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील मनोरुग्णालयात १९४५ नंतर काही वर्षे रुग्णांना निरनिराळ्या प्रकारे साखर देऊन पाहण्यात आले, आणि जेवणांच्या मध्ये खाल्लेली चिकट मिठाई दात सर्वाधिक किडविते हे सिद्ध झाले. त्या रुग्णांची संमती कोणी घेतली नव्हती. बोलूही न शकणाऱ्या माणसांचे दात शास्त्रासाठी किडविले गेले. हा डाग पुसता येणार नाही. त्याच देशाने पुढे दातांच्या बाबतीत जे केले त्याकडे आपण लवकरच वळू.

तर साखरेचा वारंवारपणा ही एक जोखीम झाली. मधुमेह असला की हिरड्यांचा रोग बळावतो. रक्तदाबाच्या, झोपेच्या, मनोविकारांच्या काही औषधांनी लाळ आटते आणि दातांचा पहारेकरीच निघून जातो. उतारवयात हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि तेथे कीड लागते. तंबाखूचे तर विचारूच नका. २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी पाहणीत २१.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू सेवन करताना आढळले. आणि आपल्या आज्या-आत्यांनी माहेरहून आणलेली मशेरीची डबी त्या हिशेबातलीच, हे विसरू नये. मशेरी दात राखते हा समज आम्ही याच मंडळात कितीतरी वेळा ऐकला आहे. ती हिरड्या खाते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते.

ही जोखीम सर्वांना सारखी नसते. एकाच जिन्यावर राहणारी, एकाच नळाचे पाणी पिणारी दोन माणसे घ्या. एकाचे बत्तीस दात साठीलाही शाबूत, दुसऱ्याच्या तोंडात चाळिशीला कवळी. मग दोघांना सहा महिन्यांनी तपासणीस बोलाविण्यात काय अर्थ? पहिल्याला दीड-दोन वर्षांनी बोलाविले तरी चालेल. दुसऱ्याला तीन महिन्यांनीच पाहिले पाहिजे. स्वीडनमधील कार्लस्टाड गावी पेर आक्सेल्सन आणि यान लिंडे यांनी १९७२ च्या सुमारास सुरू केलेला अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पहिली सहा वर्षे एका गटाला नेहमीप्रमाणे वर्षातून एकदा तपासून उपचार दिले. दुसऱ्या गटाला वारंवार बोलावून दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले आणि दातांवरचे कीटण काढले. पहिल्या गटाचे दात बिघडत गेले, दुसऱ्याचे जवळजवळ जसेच्या तसे राहिले. पुढे दुसऱ्या गटाचीच निगा प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे कमीअधिक अंतराने चालू ठेवली, आणि ३० वर्षांअखेर त्यातील माणसांनी सरासरीने दोनांहूनही कमी दात गमावले होते.

आता आपल्याकडची स्थिती पाहा. भारतीय दंत परिषदेच्या पुढाकाराने २००२-०३ साली झालेल्या पाहणीत १२ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के, तर ३५ ते ४४ वयोगटातील सुमारे ८० टक्के माणसांच्या दातांना कीड आढळली. रोग टाळता येण्यासारखा आहे. टाळण्याची विद्या उपलब्ध आहे. तरीही तो टळत नाही. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक पैशाच्या रीतीत आहे, असे आमचे सांगणे आहे.

या रीती मुख्यतः तीन. पहिली कामागणिक: जितके दात भरले, काढले, मढविले, तितके पैसे. दुसरी माणशी: वर्षाला ठराविक वर्गणी, मग त्या वर्षात लागेल ते काम. तिसरी पगाराची. आपल्या गावगाड्यात यांतल्या दोन रीती जुन्याच आहेत. सुतार, लोहार सुगीला शेतकऱ्याकडून धान्याचे बलुते घेत आणि वर्षभर त्याची अवजारे दुरुस्त ठेवीत. परका कारागीर मात्र कामाचे रोख पैसे घेई. बलुत्याच्या व्यवस्थेत जातीची जी बेडी होती, आणि बलुतेदाराची जी नाडणूक होई, तिचे समर्थन आम्हांस मुळीच करावयाचे नाही. परंतु हिशेबाची एक गोष्ट लक्षात घ्या. बलुते ठरलेले असले की नांगर मोडला नाही तर सुताराचा फायदा, आणि मोडला तर तोटा. रोखीच्या कारागिराचे याच्या नेमके उलट.

कामागणिक पैशांत दंतवैद्याची मिळकत रोग झाल्यावर सुरू होते. ज्याचे तोंड निरोगी त्याच्याकडून काही मिळत नाही. ज्याची जोखीम मोठी तो उत्तम गिऱ्हाईक. सज्जन माणूसही या उताराने नकळत घसरतो, हे आम्ही स्वतःच्या उदाहरणाने सांगितलेच आहे. पण म्हणून माणशी वर्गणी आली की सारे सुरळीत होईल, असेही नाही. तेथे मोह दुसरे असतात. थोडे काम करून ‘सर्व ठीक आहे’ म्हणून मोकळे होण्याचा एक, आणि ज्याच्या तोंडात फार काम आहे त्याला दारातूनच परतविण्याचा दुसरा. पगारी दंतवैद्याला यांपैकी काहीच बोचत नाही. परंतु रांग लांबली काय आणि आखडली काय, त्याला सारखेच. सरकारी वा रेल्वेच्या दवाखान्यांत ज्यांनी मनापासून काम केले, त्यांनी ते रीतीमुळे नव्हे, स्वतःच्या निष्ठेमुळे केले.

इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोलके आहे. १९४८ साली तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि दंतवैद्यांना बव्हंशी कामागणिक पैसे मिळू लागले. कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की १९५१ साली सरकारला कवळीवर आकार बसवावा लागला. २००६ साली ही रीत बदलून कामाच्या एककांची पद्धत आली. दंतवैद्याने वर्षात ठरलेली एकके पुरी करावयाची आणि ठरलेली रक्कम घ्यावयाची. नुसत्या तपासणीला १ एकक. दात भरणे, काढणे, रूट कॅनल यांना ३. कॅप वा कवळीला १२. हेतू असा, की दंतवैद्य अधिकाधिक दात कोरीत बसण्याच्या चक्रातून सुटावा.

आता यातील खोच पाहा. एक दात भरला तरी ३ एकके आणि सहा भरले तरी ३ एककेच. म्हणजे ज्याचे तोंड बरे आहे तो फायद्याचा, आणि ज्याला वर्षानुवर्षे दंतवैद्य मिळालेला नाही, ज्याच्या तोंडात सहा दाढा किडल्या आहेत, तो तोट्याचा. जोखीम ज्याची सर्वांत मोठी, तोच नकोसा झाला. रूट कॅनल करून दाढ वाचविण्यास तास-दीड तास लागतो, ती काढावयास थोडा वेळ पुरतो. एकके मात्र दोन्हींना सारखी. ब्रिटिश लोकसभेच्या आरोग्य समितीने २००८ साली आपल्या अहवालात नमूद केले, की २००४ पासून रूट कॅनलचे प्रमाण ४५ टक्क्यांनी घटले आणि दात काढण्याचे प्रमाण वाढले. दातांची जात दोन-चार वर्षांत बदलली नव्हती. बदलली होती ती पैशाची रीत. अखेर २०२२ साली दुरुस्ती होऊन तीन वा अधिक दात भरल्यास वा काढल्यास ५, आणि दाढेच्या रूट कॅनलला ७ एकके ठरली. चूक कळावयास सोळा वर्षे लागली नाहीत. ती सुधारण्यास लागली.

कामागणिक पैसे हे सर्वस्वी वाईट, असे मात्र कोणी समजू नये. मुलांच्या नव्या दाढांच्या खाचा लेपाने बुजविल्या की तेथे कीड लागण्याचे टळते. हा लेप वाढावा म्हणून स्कॉटलंडमध्ये एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. काही दंतवैद्यांना लेपागणिक पैसे दिले, काहींना केवळ प्रशिक्षण दिले. पैसे दिले तेथे लेपाचे प्रमाण जवळजवळ १० टक्क्यांनी वाढले. नुसत्या प्रशिक्षणाने लक्षणीय फरक पडला नाही. आमच्या व्यवसायाला हे फारसे भूषणावह नाही, पण खरे आहे. तात्पर्य इतकेच, की समाज ज्या कामाचे मोल करतो ते काम होते; ज्याचे करीत नाही ते राहून जाते. दात भरण्याचे मोल केले की भरलेले दात मिळतात. दात न किडण्याचे मोल करावयाचे, तर ते कसे?

येथे पुन्हा स्वीडनकडे वळू. तेथे १९३८ पासून सार्वजनिक दंतसेवा आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात त्या सेवेने प्रौढांसाठी कामागणिक पैशांच्या जोडीला कराराची एक पद्धत देशभर सुरू केली. तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘निरोगी दातांची निगा’ असा होतो. आधी दंतवैद्य त्या माणसाची सर्वसाधारण प्रकृती, दातांत पूर्वी झालेली कामे, किडीचा संभव आणि हिरड्यांची स्थिती यांचा अंदाज घेऊन त्याला जोखमीच्या एका पायरीवर बसवितो. पायरीप्रमाणे वर्षाची वर्गणी ठरते. करार तीन वर्षांचा असतो. त्या अवधीत तपासणी, निगा आणि बहुतेक उपचार त्याच वर्गणीत होतात. आणि घरी काय काळजी घ्यावयाची, याचे वचन रुग्णानेही द्यावयाचे असते. तीन वर्षांनी पुन्हा मापन होते. जोखीम उतरली असेल तर वर्गणीही उतरू शकते.

यात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते वर्गणीपूर्वीचे मापन. तेथे प्रत्येक रुग्णाला प्रश्न विचारावाच लागतो. पेपरमिंटच्या डब्याचा पत्ता पहिल्याच दिवशी लागतो. तो प्रश्न विचारण्यासाठी दंतवैद्याला थोर पुरुष असावे लागत नाही.

या करारातील माणसांना प्रतिबंधक उपचार अधिक मिळतात आणि त्यांच्या दातांना नवी कीड कमी लागते, असे तेथील अभ्यासांत आढळले आहे. परंतु येथे घाई करू नये. या करारात येतात ती माणसे बहुधा तरुण आणि मुळातच कमी जोखमीची असतात. ज्यांची जोखीम मोठी त्यांना वर्गणीही मोठी, म्हणून ती पुष्कळदा कामागणिक पद्धतीतच राहतात. मग करारामुळे दात निरोगी राहिले, की दात निरोगी होते म्हणून करार केला? अभ्यासक जोखमीचा हा फरक हिशेबात धरून तुलना करतात, आणि त्यानंतरही काही फरक उरतो. पण माणूस स्वतः होऊन जी निवड करतो तिची छाया आकडेमोडीने पूर्णपणे पुसली जात नाही. पैशाच्या रीतीने जोखीम घटते, हे जितके खरे, तितकेच जोखमीप्रमाणे माणसे रीत निवडतात, हेही खरे.

आणि मग एक नैतिक प्रश्न समोर येतो. जास्त जोखमीच्या माणसाने जास्त पैसे द्यावेत, हे न्यायाचे काय? दिवसभर गोळ्या चघळणाऱ्याला आपण म्हणू, ‘बाबा रे, भर.’ पण मधुमेह ज्याने मागून घेतला नाही त्याला? कर्करोगाच्या किरणोपचारांनी जिची लाळ आटली त्या बाईला? स्वीडन सरकार प्रत्येक प्रौढाला दंतोपचारासाठी दरवर्षी काही अनुदान देते, आणि २०१३ पासून ज्यांच्या आजारांमुळे वा उपचारांमुळे दातांची जोखीम वाढते त्यांच्यासाठी वेगळे अनुदान आहे. म्हणजे सवयीची जोखीम माणसाने वाहावी आणि नशिबाची सर्वांनी मिळून, अशी ती विभागणी आहे. प्रत्यक्षात या दोहोंमधील रेषा इतकी स्वच्छ नसते. गोळ्यांच्या डब्यापाठीमागेही एकट्या पडलेल्या मुलाचे एखादे दुःख असू शकते. तरीही विभागणीचा प्रयत्न झाला, हे लहान नाही.

आपल्याकडे यांतले काय आहे? २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम आहे. सरकारी महाविद्यालये व दवाखाने आहेत. आरोग्यविम्याच्या बहुतेक योजना मात्र अपघात सोडल्यास नेहमीचे दंतोपचार वगळतात. त्यामुळे बहुसंख्य लोक खिशातून, कामागणिक पैसे देतात, आणि तेही दुखल्यावर. आधीच अंगावर काढलेले दुखणे, त्यात रोख खर्च. मग रूट कॅनलपेक्षा दाढ काढणे स्वस्त म्हणून ती काढली जाते. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण आपण दैवाच्या उफराटेपणासाठी वापरतो. आमच्या खुर्चीजवळ ती शब्दशः खरी होते: ज्याच्याजवळ चण्यांपुरते पैसे नसतात, त्याचेच दात आधी जातात.

आपल्या मंडळातील कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. पुष्कळांची नोकरी बदलीची. तीन वर्षांनी गाव बदलते, आणि दंतवैद्यही. स्वीडनमधील करार तीन वर्षांचा आणि आपली बदलीही तीन वर्षांची. तेथे तीन वर्षांनी जोखीम पुन्हा मोजतात, आणि येथे तीन वर्षांनी ती विसरली जाते. नव्या दंतवैद्याला तोंडाचा इतिहास ठाऊक नसतो, आणि रुग्णाला तो सांगता येत नाही. त्या मुलाचे वडील पुढे दूरच्या गावी बदलून गेले. तेथील दंतवैद्यास गोळ्यांच्या डब्याविषयी दोन ओळी लिहून द्याव्यात, इतकेही आम्हांला त्या वेळी सुचले नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो. दंतवैद्याकडे गेलात की ‘किती होतील?’ याच्या आधी ‘माझी जोखीम कितपत आहे, आणि कशामुळे?’ असे विचारा. पुन्हा केव्हा यावयाचे ते विचारा, आणि तेवढ्याच अवधीने का, तेही विचारा. दुसरी विनंती: क्ष-किरण चित्रे आणि झालेल्या कामाची टिपणे घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, बदलीच्या सामानात ती आधी बांधा. तिसरी विनंती कदाचित कडू लागेल. सल्ल्याचे पैसे देण्यास शिका. वीस मिनिटे बसून ज्याने आपल्या खाण्यापिण्याची, औषधांची, मशेरीची चौकशी केली आणि एकही दात कोरला नाही, त्याला ‘काहीच तर केले नाही’ म्हणून नमस्कार करून उठू नका. त्याने त्या वीस मिनिटांत कदाचित दोन दाढा वाचविल्या असतील.

आणि एक सूचना मंडळासाठी. एखाद्या विश्वासाच्या दंतवैद्याशी मंडळाने कुटुंबांच्या वतीने वार्षिक वर्गणीचा करार करून पाहावा. आरंभी प्रत्येकाचे मापन, नंतर जोखमीप्रमाणे बोलावणे. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. ज्यांचे दात चांगले तेच आत आले आणि बाकीचे बाहेर राहिले, तर ते सहकार्य नव्हे. आणि ज्यांचे दात वाईट तेवढेच आले, तर वर्षभरात दंतवैद्य हात जोडून निघून जाईल. घरच्या सगळ्यांनी यावयाचे, धडधाकट नातवानेही आणि कवळीवाल्या आजोबांनीही. तरच हिशेब जमतो.

हे अवघड वाटते काय? आपल्या मंडळाची वर्गणी गेली पन्नास वर्षे याच तत्त्वावर चालली आहे. कोणी केवळ गणपतीतल्या मोदकांपुरता येतो, कोणी आठवड्याला ग्रंथालयातून दोन पुस्तके नेतो. या परक्या शहरात एखाद्याच्या घरी मध्यरात्री दुखणे निघाले तेव्हा मंडळाची चार माणसे धावून गेली, आणि त्याने वर्गणी किती दिली होती हे कोणी विचारले नाही. ज्याला कमी लागले त्याने कुरकुर केली नाही, ज्याला अधिक लागले त्याला लाज वाटू दिली नाही. संस्थापकांनी घरोघर जाऊन, पावतीपुस्तक काखेत धरून जी वर्गणी गोळा केली, तिच्यात हे शहाणपण होते. आम्ही फक्त एवढेच म्हणतो, की ते आता दातांपर्यंत येऊ द्यावे.

कार्यक्रमानंतर अल्पोपाहार आहे, आणि त्यात संदेश आहेत हे आम्ही येतानाच पाहिले आहे. ते खुशाल खावेत. एका बैठकीत खावेत, वर पाणी प्यावे, आणि उरलेले पुडीत बांधून वाटेत चघळू नयेत.